प्रश्न बदलतात, उत्तरं तीच राहतात

टाइमझोन = १९०.

विंडोज २००० किंवा एक्सपी एकगठ्ठा बसवण्याचं काम ज्यांनी भारतात केलंय, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. इन्स्टॉलेशन चालू असताना पडद्यावर जो 'टाइम झोन निवडा' असा प्रश्न यायचा, त्याचं हे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. १९० म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. व्हिस्टापासून मात्र हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला जाऊ लागला. आता आकडा चालत नाही, 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असं पूर्ण नाव इंग्रजीत लिहावं लागतं. घड्याळ तेच, देश तोच, उत्तरही खरं तर तेच. पण जुनी फाइल नव्या इन्स्टॉलरपुढे ठेवली तर हे उत्तर कुचकामी.

माझ्या पीएचडीचा विषय साधारण असा आहे: संगणक वापरणाऱ्यांचा नव्हे, तर ते वापरण्याजोगे ठेवणाऱ्यांच्या कामाचा इतिहास. नातेवाइकांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'यात इतिहास तो काय?' म्हणून या वेळी प्रबंधातला एक छोटा तुकडा घेऊन सांगते. या तुकड्याचं नाव इंग्रजीत 'आन्सर फाइल'. मी तिला उत्तरफाइल म्हणणार आहे.

ज्यांनी ही कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना इन्स्टॉलर प्रश्न विचारतो: भाषा कुठली, डिस्कचे भाग कसे करू, संगणकाचं नाव काय, पासवर्ड काय, लायसन्सच्या अटी मान्य आहेत का. एक यंत्र असेल तर माणूस समोर बसून उत्तरं देतो. चाळीस असतील तर तो कंटाळतो, चुकतो, आणि चाळीस यंत्रं चाळीस तऱ्हांनी बसतात. मग सगळी उत्तरं एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवायची, आणि इन्स्टॉलरला सांगायचं की प्रश्न पडला की माणसाला नको, हिला विचार.

मला या फाइलपेक्षा ती चालत नाही तेव्हा काय होतं यात जास्त रस आहे. कारण उत्तरफाइल हा पूर्ण दस्तऐवज नसतोच. तो अर्ध्या संभाषणाचा कागद आहे. फक्त उत्तरं. प्रश्न दुसरीकडे, इन्स्टॉलरच्या आत असतात, आणि ते फाइल लिहिणाऱ्याच्या हातात नसतात. दोष शोधायला बसलेल्या माणसाचा निम्मा वेळ 'मी काय लिहिलं' हे तपासण्यात जातो, आणि दोष बहुतेक वेळा 'त्याने आता काय विचारलं' यात असतो.

सुरुवात सनपासून करते, कारण पुढे आलेल्या बऱ्याच जणांनी तिकडे पाहूनच आपलं बांधलं. १९९० च्या दशकात सनच्या सोलारिस सिस्टिमबरोबर जम्पस्टार्ट नावाची व्यवस्था यायची. नवं यंत्र नेटवर्कवरून सुरू व्हायचं आणि सर्व्हरवरून आपली उत्तरं घ्यायचं. उत्तरं दोन ठिकाणी वाटलेली होती. यंत्राची ओळख, म्हणजे भाषा, वेळ, नेटवर्क वगैरे, 'सिसआयडीसीएफजी' या फाइलमध्ये. डिस्क कशी वाटायची आणि कुठले सॉफ्टवेअर गट घ्यायचे हे 'प्रोफाइल'मध्ये. आणि कुठल्या यंत्राला कुठलं प्रोफाइल द्यायचं हे ठरवणारी 'रूल्स' नावाची फाइल. रूल्स वरून खाली वाचली जायची आणि जुळणारा पहिला नियम लागू व्हायचा. 'कुठलंही यंत्र' असा सैल नियम चुकून वरच्या ओळीत राहिला, की खालचे सगळे बारीक नियम शोभेचे.

सनच्या लोकांना ही अडचण ठाऊक असावी, कारण त्यांनी बरोबर 'चेक' नावाची स्क्रिप्ट दिली होती. ती रूल्स आणि प्रोफाइल तपासायची आणि सगळं ठीक असेल तरच 'रूल्स.ओके' अशी दुसरी फाइल बनवायची. इन्स्टॉलर वाचायचा ती ही दुसरी फाइल. म्हणजे मुद्रितशोधन झाल्याशिवाय छपाई नाही. मला ही रचना फार आवडते. पण तिचाही एक खास दोष होता: मूळ फाइल बदलली आणि स्क्रिप्ट चालवायची राहिली, तर यंत्र जुन्याच नियमांनी बसायचं, आणि बदल करणारा माणूस आपण केलेला बदल डोळ्यांपुढे असूनही तो लागू का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचा.

शिवाय ही स्क्रिप्ट फक्त उत्तरांची शुद्धता पाहणार. प्रश्न वाढले तर तिला काय कळणार? सोलारिस १० हे २००५ मध्ये आलं, आणि त्यात एनएफएसची चौथी आवृत्ती आली. तिच्यासाठी यंत्राला एक डोमेन सांगावं लागतं. इन्स्टॉलेशननंतरच्या पहिल्या सुरुवातीला यंत्र थांबून विचारू लागलं की हे डोमेन मी शोधू की तुम्ही सांगताय. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेल्या जम्पस्टार्टच्या फाइली या एका प्रश्नापाशी अडल्या. सुरुवातीला सिसआयडीसीएफजीमध्ये याचं उत्तर लिहायला शब्दच नव्हता. तो नंतरच्या अपडेटमध्ये आला. मधल्या काळात ॲडमिन मंडळींनी तोड काढली. हा प्रश्न विचारून झालाय अशी खूण म्हणून सिस्टिम एक रिकामी फाइल ठेवते असं त्यांच्या लक्षात आलं. मग इन्स्टॉलेशनच्या शेवटच्या स्क्रिप्टमध्ये ती रिकामी फाइल आपणच बनवून टाकायची. उत्तर दिलंच नाही. प्रश्न विचारून झालाय असं यंत्राला पटवलं. जुन्या सोलारिस ॲडमिनांच्या फिनिश स्क्रिप्टमध्ये ही ओळ हमखास सापडते.

लक्षात घ्या, इथे बिघाड झाला तरी तो दिसत होता. यंत्र थांबलं, पडद्यावर प्रश्न आला. कुणीतरी खुर्ची ओढून बसला की कळत होतं की काय हवंय. हा बोलका बिघाड.

विंडोजकडे वळूया. विंडोज ९५ ला 'एमएसबॅच.आयएनएफ' होती, एनटीच्या बाजूला 'अनअटेंड.टीएक्सटी'. एनटीमध्ये प्रत्येक यंत्राचं नाव वेगळं ठेवण्यासाठी आणखी एक जोडफाइल द्यायची सोय होती, म्हणजे सामायिक उत्तरं एकीकडे आणि ज्याची त्याची वेगळी उत्तरं दुसरीकडे. सीडीवरून सरळ सुरू करायचं असेल तर हीच फाइल 'विनएनटी.एसआयएफ' या नावाने फ्लॉपीवर ठेवायची. सेटअप ती फ्लॉपीत शोधायचा. नाव एका अक्षराने चुकलं तर तक्रार नाही, काही नाही, नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात. नोटपॅडने गुपचूप शेवटी 'टीएक्सटी' चिकटवलं आणि एक्स्टेन्शन लपवलेली असल्यामुळे ते दिसलं नाही, हा त्या काळातला अगदी हमखास घोळ.

विंडोज २००० आणि एक्सपीच्या उत्तरफाइलमध्ये एक ओळ आहे जिच्यावर मी प्रबंधात बरीच पानं खर्च केली आहेत: 'अनअटेंडमोड'. या ओळीने ठरतं की माणसाचं स्थान काय. 'प्रोव्हाइडडिफॉल्ट' लिहिलं तर फाइलमधली उत्तरं पडद्यावर आधीच भरून दाखवली जातात आणि माणूस ती बदलू शकतो. 'रीडओन्ली' लिहिलं तर दाखवली जातात, पण जे फाइलमध्ये ठरलं ते बदलता येत नाही. आणि 'फुलअनअटेंडेड' लिहिलं तर माणूस नाहीच असं धरलं जातं. एखादं आवश्यक उत्तर नसेल तर सेटअप विचारत नाही, चूक म्हणून नोंदवतो. सल्लागार, साक्षीदार आणि गैरहजर अशी ही तीन रूपं. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक फाइलींमध्ये तिसरं रूप आहे. साहजिक आहे, चाळीस यंत्रांपुढे साक्षीदार म्हणून कोण बसणार!

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण गप्प बिघाडाचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या भाषेचं आहे.

मराठी युनिकोड विंडोजमध्ये आलं ते विंडोज २००० पासून. हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ या भाषांची सोय त्यात होती, मंगल फॉन्टही. एक्सपीत (२००१) आणखी भारतीय भाषा आल्या. पण 'सोय होती' आणि 'बसवली होती' यात फरक. इंग्रजी एक्सपी साध्या पद्धतीने बसवलं तर देवनागरीची जुळणी करणाऱ्या फाइली डिस्कवर येतच नव्हत्या. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकोन होता: गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीच्या फाइली बसवा. त्यावर खूण केली की मूळ सीडी मागितली जायची, मग यंत्र पुन्हा सुरू करायचं. हे करायला ॲडमिनचे अधिकार लागायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत बसलेल्या माणसाकडे ना ते अधिकार, ना ती सीडी.

ही खूण केलेली नसेल तर काय दिसायचं हे त्या काळात मराठी ब्लॉग वाचणाऱ्यांना सांगायला नको. एक तर ओळीच्या ओळी चौकोन. किंवा ऑफिसबरोबर आलेला एखादा युनिकोड फॉन्ट असेल तर अक्षरं दिसायची, पण मोडून पडलेली: 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे. 'युनिकोड मराठी नीट दिसत नाही' या तक्रारीचा खूप मोठा वाटा हा होता. फॉन्ट वाईट नव्हता, वेबसाइटही वाईट नव्हती. इन्स्टॉलेशनच्या वेळी एका प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं नव्हतं.

आणि उत्तरफाइलमध्ये त्या प्रश्नासाठी जागा होती! 'रीजनलसेटिंग्ज' हा विभाग, त्यात 'लँग्वेजग्रुप' ही ओळ, आणि भारतीय लिप्यांचा गट क्रमांक १५. त्याच विभागात मराठीसाठी ०४४ई हा भाषा क्रमांक देता येत होता. एवढी एक ओळ असती तर त्या फाइलने बसलेल्या सगळ्या यंत्रांवर मराठी सुरुवातीपासून नीट दिसली असती. पण उत्तरफाइली कुणी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. त्या सेटअप मॅनेजर नावाच्या विझार्डमधून बनायच्या आणि तिथे प्रादेशिक सेटिंगचं पान 'आहे तसं राहू दे' म्हणून पुढे ढकलता यायचं. किंवा दुसऱ्याची फाइल घेऊन नाव आणि की बदलली जायची. मूळ फाइल जिथे लिहिली गेली तिथे हा प्रश्न कुणाला पडलेलाच नव्हता. भर म्हणून, सीडी हलकी करण्याच्या नादात भाषांचा फोल्डरच काढून टाकण्याची एक पद्धत रूढ होती. म्हणजे नंतर कुणी खूण करायला गेलंच, तर सीडीतही काही नाही.

दोष शोधण्याच्या दृष्टीने यातली गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, असं की सेटअपच्या हिशेबाने यात दोष नव्हताच. इन्स्टॉलेशन यशस्वी, चुकांच्या नोंदींची फाइल स्वच्छ. लॅब सांभाळणाऱ्याने तपासावं असं काही नाही. तक्रार महिन्यांनी यायची आणि ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने यायची: ब्लॉग लिहिणाऱ्याच्या, वर्तमानपत्राच्या साइटच्या, किंवा मराठीच्याच. 'मराठी संगणकावर चालत नाही' हे वाक्य किती जणांनी किती वर्षं ऐकलं असेल! व्हिस्टापासून या फाइली मुळातच बसवलेल्या येऊ लागल्या आणि तो चौकोनच गेला. प्रश्न काढून टाकला की चुकीचं उत्तर द्यायची सोय राहत नाही. एक्सपीचा आधार मात्र एप्रिल २०१४ पर्यंत चालू होता, आणि जिथे यंत्रं बदलायला पैसे नव्हते तिथे त्याच्यापुढेही ती यंत्रं चालूच होती.

व्हिस्टाने (व्यवसायांसाठी २००६ च्या अखेरीस, बाकीच्यांसाठी जानेवारी २००७) उत्तरफाइलीचं रूपच पालटलं. कंसातले विभाग आणि बरोबर चिन्हांच्या ओळी गेल्या, एक्सएमएल आलं. इन्स्टॉलेशनचे सात टप्पे ठरले आणि प्रत्येक उत्तर कुठल्या घटकाचं आणि कुठल्या टप्प्यातलं हे सांगणं सक्तीचं झालं. शिस्त वाढली, पण त्याबरोबर चुका लपायच्या जागाही वाढल्या. त्यातल्या तीन-चार सांगते, कारण आजही कुणाची फाइल अडली असेल तर बहुधा यातलंच काहीतरी निघतं.

प्रत्येक घटकापुढे प्रोसेसरची जात लिहावी लागते. ६४ बिटच्या विंडोजसाठी 'एएमडी६४', जरी आत इंटेलची चिप असली तरी. ३२ बिटच्या काळातली फाइल घेऊन तिथे 'एक्स८६' तसंच राहिलं, तर तो घटक आपल्यासाठी नाहीच असं समजून सेटअप पुढे जातो. ना चूक, ना इशारा. फाइल सापडते, वाचली जाते, आणि तरी प्रश्न येत राहतात.

दुसरी जागा शोधक्रमाची. फाइलचा पत्ता स्पष्ट दिला नसेल तर सेटअप ती ठरावीक क्रमाने शोधतो: आधी रजिस्ट्रीतली नोंद, मग विंडोज फोल्डरमधलं 'पँथर', मग पेनड्राइव्हसारखी लिहिता येणारी माध्यमं, मग डीव्हीडी, आणि असंच पुढे. मेख अशी की एकदा फाइल वापरली की तिची एक प्रत पँथरमध्ये जपून ठेवली जाते. त्यामुळे एकदा बसवलेल्या यंत्राची प्रतिमा काढून ती दुसरीकडे नेली की आतली जुनी प्रत, तुम्ही सिसप्रेपच्या फोल्डरमध्ये हौसेने ठेवलेल्या नव्या फाइलवर मात करू शकते. घरात नवा कारभारी आलाय, पण दारातला नोकर अजून जुन्याचाच हुकूम ऐकतोय.

तिसरी चूक याच प्रतीची. पुष्कळ जण विचार करतात की एक इन्स्टॉलेशन नीट झालंय ना, मग पँथरमधली तिची फाइल उचलून पुढे वापरू. पण त्या प्रतीवर सेटअपने शिक्के मारलेले असतात: हा टप्पा पूर्ण झाला, हा टप्पा पूर्ण झाला. असा शिक्का असलेला टप्पा पुढच्या वेळी सरळ वगळला जातो. आणि पासवर्डच्या जागी इंग्रजीत 'संवेदनशील माहिती काढून टाकली आहे' अशा अर्थाचे तीन शब्द चांदण्यांच्या मध्ये बसलेले असतात.

आणि जेव्हा व्हिस्टानंतरचा सेटअप बोलतो तेव्हा कसा बोलतो? 'स्पेशलाइज टप्प्यासाठी उत्तरफाइल वाचता किंवा लागू करता आली नाही. चूक शेल-सेटअप या घटकात आढळली.' या घटकात संगणकाचं नाव, प्रॉडक्ट की, टाइम झोन असं बरंच काही असतं, त्यातलं नेमकं काय ते तुम्ही शोधा. नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं झालंय का, की त्या आवृत्तीची आहे का, हे आधी पाहावं. खरं उत्तर नोंदींमध्ये असतं. शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबलं की सेटअपच्या मागे कमांडची काळी खिडकी उघडते आणि 'सेटअपॲक्ट' आणि 'सेटअपएरर' या दोन लॉग फाइली वाचता येतात. फक्त त्या कुठे आहेत हे टप्प्यावर अवलंबून. अगदी सुरुवातीला त्या मेमरीतल्या तात्पुरत्या डिस्कवर असतात. तिथे यंत्र बंद केलं तर पुरावा गेला. पुढे त्या सी ड्राइव्हवर पँथरमध्ये जातात, आणि शेवटच्या टप्प्यांसाठी त्याच्या आतल्या आणखी एका फोल्डरमध्ये. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे वाचताना घरच्यासारखं वाटतं: राज्य बदललं की दप्तर हललं, आणि कुठल्या काळाचा कागद कुठल्या रुमालात असेल हे आधी ठाऊक असावं लागतं.

लिनक्सच्या बाजूची कथा वेगळी नाही, पण तिथे प्रश्न कसे बदलतात हे जास्त उघडं दिसतं. रेड हॅटचं किकस्टार्ट, सुसेचं ऑटोयास्ट, कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी जम्पस्टार्टवरून प्रेरणा घेऊन सुरू केलेलं एफएआय, आणि डेबियनचं प्रीसीड, जे २००५ च्या 'सार्ज' आवृत्तीबरोबर नव्या इन्स्टॉलरमध्ये सर्वांच्या हाती आलं.

किकस्टार्टच्या जुन्या फाइलींमध्ये डिस्कचं नाव 'एचडीए' असायचं. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये कर्नलने जुन्या आयडीई डिस्कांनाही 'एसडीए' म्हणायला सुरुवात केली. तीच डिस्क, तीच केबल. फाइल म्हणते एचडीए, यंत्र म्हणतं अशी डिस्कच नाही. काही वर्षांनी तीच गत नेटवर्क कार्डाची: 'ईटीएच०' हे नाव जाऊन कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून नावं पडू लागली. म्हणून पुढच्या फाइलींमध्ये नाव न देता 'ज्या कार्डाला केबल जोडलीय ते' असं सांगण्याची पद्धत आली. नावाऐवजी वर्णन जास्त टिकतं.

डेबियनमध्ये प्रत्येक प्रश्नाला स्वतःचं नाव असतं आणि प्रीसीड फाइल म्हणजे त्या नावांपुढची उत्तरं. कल्पना सुंदर आहे, पण जाच बारीक: उत्तराच्या आधी एकच जागा सोडायची, जास्त सोडली तर ती मोकळी जागाही उत्तराचाच भाग धरली जाते. शिवाय फाइल नेटवर्कवरून आणायची असेल तर भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधीच विचारून होतात, म्हणून त्यांची उत्तरं फाइलमध्ये कितीही ठळक लिहिली तरी उपयोग नाही. ती बूटच्या ओळीत द्यावी लागतात, किंवा ते प्रश्न नंतर विचारायला सांगावं लागतं. बूटलोडर कुठल्या डिस्कवर लिहायचा हे पुढे स्पष्ट सांगावं लागू लागलं, आणि त्याचं कारण डेबियनच्या नमुना फाइलमध्येच दिलंय: पेनड्राइव्ह. इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून होऊ लागल्यावर 'पहिली डिस्क' म्हणजे कोणती हे खात्रीने सांगता येईना.

आणि इथेही तोच जुना मोह. रेड हॅटचा इन्स्टॉलर काम संपल्यावर रूटच्या फोल्डरमध्ये झालेल्या इन्स्टॉलेशनची किकस्टार्ट फाइल लिहून ठेवतो. पण जुन्या आवृत्त्यांमध्ये डिस्कवाटणीच्या ओळी त्यात मुद्दाम बंद करून ठेवलेल्या असत, वर सूचना की तुम्ही आधी काय पुसलं ते यात नाही, तेव्हा हे पुन्हा चालेलच असं नाही. डेबियनचं माहितीपत्रकही सांगतं की झालेल्या इन्स्टॉलेशनमधून काढलेली उत्तरं तशीच वापरू नका, नमुना फाइलपासून सुरुवात करा. तीन वेगळ्या घराण्यांत तोच इशारा आहे. जे घडलं त्याचा जबाब आणि जे घडावं त्याची सूचना दिसायला सारखी असतात, पण जबाबात रिकाम्या डिस्कवर काम सुरू झालं की भरलेली पुसून, हे येत नाही.

पुसण्याचा विषय निघालाच आहे. किकस्टार्टमध्ये 'क्लिअरपार्ट' ही ओळ असते, सगळे भाग पुसून टाक म्हणणारी. डिस्क अगदी कोरी असेल तर त्याबरोबर 'झीरोएमबीआर'ही लागतं, नाहीतर इन्स्टॉलर थबकून विचारतो की या डिस्कवर काही नाही, लिहू का? रात्री लावून सकाळी आल्यावर यंत्र याच प्रश्नावर अडलेलं पाहिलं की प्रत्येक जण ही ओळ घालतो. आणि मग फाइलमधून शेवटची हरकत घेणारी व्यक्तीही गेलेली असते.

याची किंमत काय असू शकते ते अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मे २०१४ मध्ये दिसलं. विंडोज ७ बसवण्याचं स्वयंचलित काम चुकून सगळ्याच विंडोज यंत्रांना पाठवलं गेलं: लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हरसुद्धा. त्या कामाची पहिली पायरी डिस्क पुन्हा वाटून पुसण्याची होती. प्रकार लक्षात आल्यावर वितरण करणारा सर्व्हर बंद केला गेला, पण तोवर तो स्वतःही पुसला गेला होता असं विद्यापीठाने जाहीर केलं. त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर चाललं होतं. प्रत्येक यंत्राला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. फक्त 'मला खरंच पुसायचंय का' हा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

उबंटूने एप्रिल २०२० च्या २०.०४ आवृत्तीत सर्व्हरसाठी प्रीसीड सोडून नवी व्यवस्था आणली, यामल स्वरूपातली. सगळी उत्तरं तयार असली तरी हा इन्स्टॉलर डिस्कला हात लावण्याआधी एकदा थांबून 'येस' टाइप करायला सांगतो. ते नको असेल तर बूटच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द वेगळा द्यावा लागतो. कारण त्यांनी कागदपत्रांतच दिलंय: नुसता यंत्राला लावला की यंत्र पुसून टाकेल असा पेनड्राइव्ह सहज कुणाच्या हातून बनू नये. तीस वर्षं प्रश्न काढून टाकण्याची धडपड केल्यावर एक प्रश्न कुणीतरी मुद्दाम परत ठेवला. ॲडमिन मंडळी त्यावर काय करतात? पहिल्याच दिवशी बूटच्या ओळीत तो शब्द घालतात.

जाता जाता एक विनंती. महाराष्ट्रात किंवा गोव्यात २००० ते २०१० च्या दरम्यान कुणी लॅब, कॅफे किंवा कार्यालयातली यंत्रं बसवली असतील आणि त्या काळची फ्लॉपी किंवा 'विनएनटी.एसआयएफ' कुठे पडून असेल, तर फेकू नका, मला कळवा. मला त्यातला फक्त 'रीजनलसेटिंग्ज'चा विभाग पाहायचाय: १५ आहे की नाही. पाठवण्याआधी मात्र 'ॲडमिनपासवर्ड' आणि प्रॉडक्ट कीच्या ओळी खोडा. त्या काळी पासवर्ड बहुधा साध्या अक्षरांत लिहिलेला असायचा. नव्या एक्सएमएल फाइलींमध्ये तो गिचमिड दिसतो म्हणून फसू नका. ते कुलूप नाही, नुसतं बेस-६४ आहे, उलगडायला क्षणही लागत नाही. आणि माझा अंदाज आहे, त्यातले काही पासवर्ड अजूनही कुठेतरी चालू असतील.